उत्तम शुक्रवारची मराठी ओवी

चैत्राचे वारे सुटले, घराघरांतून कैरीचे पन्हे होऊ लागले आणि रामनवमीच्या कीर्तनांसाठी बुवांची ये-जा सुरू झाली, की त्याच सुमारास आपल्या आसपासच्या ख्रिस्ती घरांतून एक उपासनेचा काळ समाप्तीस येत असतो. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस हे उपवासाचे, चिंतनाचे व प्रार्थनेचे दिवस होत. राख बुधवारी त्यांचा आरंभ होतो. मधले रविवार या मोजणीत धरीत नाहीत. नाताळ म्हटला म्हणजे आपल्या मुलांनाही तारे, केक व गाणी आठवतात. परंतु या चाळीस दिवसांची आपणांस फारशी ओळख नाही. कारण उघड आहे. हा काळ मिरवण्याचा नाही. तो घरात, संध्याकाळच्या दिव्यापाशी पाळावयाचा असतो.

पंचांगाच्या दृष्टीने मात्र तो आपल्याला परका नाही. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा पहिला रविवार, असा तिचा ढोबळ नियम. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो, आणि त्याच्या मागची पौर्णिमा बहुधा आपली होळीची असते किंवा चैत्री. २०२४ साली होळी पेटली तो दिवस ख्रिस्ती लोकांचा झावळ्यांचा रविवार होता. २०२५ साली शनिवारी हनुमान जयंती झाली आणि दुसऱ्याच दिवशी झावळ्यांचा रविवार आला. एकच चांदणे दोन्ही घरांच्या अंगणात असते, हे आपल्या ध्यानात येत नाही इतकेच.

माझा या विषयाशी संबंध आला तो गाण्यामुळे. माझे वडील राजवाड्यातले गवई. संस्थान १९४९ साली विलीन झाले, तरी राजघराण्याच्या देवापुढे सणावारी गाण्याची सेवा पुढे कितीतरी वर्षे त्यांच्याकडे होती. देवापुढचे गाणे आणि बैठकीतले गाणे यांत काय फरक असतो, हे मी त्यामुळे पुस्तकात न वाचता घरातच ऐकले. पुढे गाण्याचा शिक्षक झालो आणि शिकवण्यांच्या निमित्ताने आठवड्यातून एकदा सुरतेस जाऊ लागलो. तेथे इच्छापोरच्या एका मराठी ख्रिस्ती घरी मुलीला पेटी शिकवीत असताना या चाळीस दिवसांतील उपासनेला बसण्याचा योग आला. त्यातून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

इच्छापोर हे सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तापीच्या पलीकडे आहे. पारशी मंडळींतील इच्छापोरिया हे आडनाव या गावावरून पडले. अलीकडे तेथे हिऱ्यांचे उद्योगसंकुल उभे राहिले आहे, आणि हजिऱ्याच्या खत, वायू व पोलाद कारखान्यांमुळे मुलुखामुलुखाची माणसे या पट्ट्यात राहावयास आली आहेत. इथून पुढे समुद्राकडे गेले की सुवालीचा किनारा लागतो. १६१२ साली या किनाऱ्यासमोर इंग्रज व पोर्तुगीज यांची आरमारी लढाई झाली, आणि १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो येथेच उतरून जहांगिराच्या भेटीस गेला. खुद्द सुरतेत तर अनेक पंथांच्या पाद्र्यांचे वास्तव्य होते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा फादर अँब्रोज या कॅपुचिन पाद्र्याच्या मठाला त्यांनी हात लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे. आपल्या जुन्या घरांतून सुरतेच्या लुटीच्या गोष्टी अजून सांगतात. त्यांत ही एक गोष्ट अवश्य असावी.

मी म्हणतो ते कुटुंब मूळचे नगरकडचे. मुलगा कारखान्यात नोकरीस, सून शिक्षिका, बारा वर्षांची नात आणि घरातील आजी. ज्या मंडळीत ते उपासनेला जातात, तेथे सारे काही गुजरातीत चालते. म्हणून मराठी उपासना आजींनी घरात ठेवली आहे. संध्याकाळी शुभवर्तमानातील एक उतारा वाचावयाचा. मग दोन-तीन मिनिटे कोणी काही बोलावयाचे नाही. नंतर एकाने आपल्या शब्दांत प्रार्थना करावयाची आणि शेवटी एक गीत. सारा कार्यक्रम वीस मिनिटांत आटोपतो. परंतु शेवटच्या आठवड्यात त्याला जी चढत जाणारी गती येते, ती एखाद्या चांगल्या आख्यानासारखी असते.

झावळ्यांच्या रविवारी येशू शिंगरावर बसून यरुशलेमेत येतो आणि लोक झाडांच्या डाहाळ्या वाटेवर पसरतात. त्या दिवशीचे चिंतन आनंदाचे असेल अशी माझी समजूत होती. आजी म्हणाल्या, “मास्तर, आज जयजयकार करणारी तोंडं शुक्रवारी कुठं होती, हे ज्यानं त्यानं आपल्याशी विचारायचं. रविवारचं काम तेवढंच.” सोमवारी मंदिरातील सराफांची चौरंगे उलथविल्याची कथा. मंगळवारी त्या विधवेची, जिने दानपेटीत दोनच दमड्या टाकल्या आणि तेच सर्वांत मोठे दान ठरले. बुधवारी बेथानी गावातील स्त्रीने मोलाचे सुगंधी तेल येशूच्या मस्तकी ओतले ती गोष्ट, आणि तिच्या शेजारीच तीस रुपयांवर झालेला यहूदाचा सौदा. त्या रात्री सुनेने केलेली प्रार्थना एका वाक्याची होती: “प्रभो, आमचं प्रेम हिशेबी होऊ देऊ नकोस.”

गुरुवारी शेवटचे भोजन. येशू कंबरेस रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतो, हा त्या दिवशीचा मुख्य उतारा. वाचन संपल्यावर आजी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी जे सांगितले, ते मला येथे लिहिणे भाग आहे. त्या म्हणाल्या, “माझ्या आज्याला गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हतं. त्याच्या सावलीचासुद्धा विटाळ. तो ख्रिस्ती झाला, आणि पहिल्यांदा मिशनातला एक मोठ्या जातीचा माणूस त्याच्या ओसरीवर जेवायला बसला. आज्या म्हणायचा, त्या दिवशी कुणी माझे पाय धुतले नाहीत, पण धुतल्यासारखं वाटलं.” नंतरची प्रार्थना त्यांचीच होती: “ज्यांचे पाय धुवायला आमचा हात पुढे होत नाही, त्यांची नावं आम्हांला आठवून दे.” आम्हा बडोदेकर मराठी घरांना मानमरातबाची, पंगतीतल्या जागांची व पागोट्यांची परंपरा मोठी आहे. त्या घरातून उठताना मला तिच्या दुसऱ्या बाजूची आठवण झाली, आणि ती विसरण्याजोगी नव्हती.

उत्तम शुक्रवारविषयी पुढे विस्ताराने लिहीत आहे. शनिवारी त्या घरात काहीच नसते. वाचन नाही, गीत नाही. येशू कबरेत आहे. म्हणून दिवाही लावीत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पुनरुत्थानाचे गीत होते, तोवर हे मौन चालते.

गाणे शिकविणाऱ्या माणसास या साऱ्या उपासनेत प्रथम जाणवते ते हे मौन. पाश्चात्य कॅथलिक परंपरेत या चाळीस दिवसांत ‘हालेलूया’ हा स्तुतीचा शब्द गात नाहीत. एरवी वर्षभर जो शब्द ओठांवर असतो, तो मुद्दाम बाजूला ठेवतात आणि ईस्टरच्या जागरणाच्या रात्री पुन्हा उच्चारतात. गुरुवारच्या उपासनेत महिमागीत झाले, की देवळाच्या घंटाही मुक्या होतात. त्या जागी काही ठिकाणी लाकडी खटखटे वाजवितात. ऑर्गनही केवळ गाणाऱ्याला आधार देण्यापुरता. आमच्या घरी सुतक आले की तंबोरे गवसणीत जात आणि तेरा दिवस खुंटीला हात लागत नसे. चौदाव्या दिवशी वडील तारा जुळवू लागले, म्हणजे तो षड्ज नवाच वाटे. न गाण्यालाही गाण्याच्या हिशेबात स्थान असते, हे ज्या परंपरांना ठाऊक आहे, त्यांत ही एक आहे.

आता शुक्रवार. या दिवशी दुपारी बारापासून तीनपर्यंत अनेक मंडळ्यांतून क्रुसावरील सात उद्गारांवर उपासना होते. क्रुसावर खिळलेला असताना येशूने जी सात वचने उच्चारली असे शुभवर्तमानांत आहे, त्यांतील एकेक घेऊन तिच्यावर विवेचन, मग प्रार्थना, मग गीत. पहिले वचन मारेकऱ्यांसाठी क्षमा मागण्याचे; दुसरे शेजारच्या चोराला सुखलोकाचे आश्वासन देणारे; तिसरे आईला शिष्याच्या हाती सोपविण्याचे; चौथे देवाने आपला त्याग का केला असे विचारणारे; पाचवे तहानेचे; सहावे कार्य पूर्ण झाल्याचे; आणि सातवे आपला आत्मा पित्याच्या हाती देण्याचे. या तीन तासांच्या उपासनेचा उगम दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, लिमा शहरी, सतराव्या शतकाच्या अखेरीस झाला असे मानतात. तेथून ती स्पेनमध्ये गेली, आणि तेथील कादिझ शहरासाठी ऑस्ट्रियाचा थोर संगीतकार हायडन याने १७८६-८७ च्या सुमारास सात विलंबित वाद्यरचना केल्या. धर्मगुरूने एक वचन उच्चारून त्याचे विवरण करावे, मग वाद्यवृंदाने एक रचना वाजवावी, असा क्रम होता. सात विलंबित रचना लागोपाठ ऐकवून श्रोत्यांना कंटाळू न देणे सोपे नव्हते, हे हायडननेही पुढे नमूद केले.

आपल्या वाचकांच्या हे सहज ध्यानी येईल, की हे तर कीर्तनच झाले. एक वचन घ्यावे, त्याचे निरूपण करावे, मध्ये गावे, पुन्हा वचनाकडे यावे. मराठी ख्रिस्ती मंडळींना हे साम्य फार पूर्वी दिसले होते. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसविण्याची जी ओढाताण त्या काळी चाले, तिच्यातून सुटण्याचा तो मार्ग होता. इंग्रजी स्तोत्राची चाल आघातावर चालते; मराठी शब्दाला तसा ठाम आघात नसतो. मग ऱ्हस्वाचे दीर्घ होते, जोडाक्षर फुटते आणि गाणाऱ्याला आपण काय म्हणतो हेच उमगत नाही. अभंगाचे व ओवीचे तसे नाही. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग वारकऱ्याच्या पायाच्या ठेक्यावर चालतो, आणि ओवी तर बोलण्यातूनच गाण्यात शिरते.

या कामी दोन माणसांचे ऋण मोठे आहे. पहिला फादर टॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आला, आणि सर टॉमस रो जहांगिराच्या दरबारात असतानाच, १६१६ साली, त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ. मराठीचे गुणगान करणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचल्या असतील. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी गावे-ऐकावे असे काही हाती नव्हते; ती उणीव भरण्यासाठी त्याने हे पुराण रचले. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, आणि येशूच्या दुःखसहनाची कथा आख्यानाच्या विस्ताराने सांगतो. रविवारी व सणाच्या दिवशी देवळात ते वाचले जाई. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. तरीही पुराण तगून राहिले, ते लोकांच्या गळ्यात आणि हस्तलिखितांत. टिपू सुलतानाने १७८४ साली मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले, तेव्हा याच ओव्या गाऊन त्यांनी धीर धरला, अशी परंपरा आहे. १६१६ ची छापील प्रत आज कोठे सापडत नाही. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी रोमन लिपीत आणि १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत हे पुराण प्रसिद्ध केले, ते हस्तलिखितांच्या आधारे.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ साली जन्मलेले हे कोकणातले ब्राह्मण कवी १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे सांगत राहिले. मराठी ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांत यावेत ही त्यांची इच्छा. दरबार या शब्दाशी माझ्या घराचे जे नाते आहे, त्यामुळे हे नाव वाचून मला विशेष वाटले. आमच्या दरबारात कलावंत कारखाना होता, नेमणुका होत्या, खिलतीही होत्या. टिळकांच्या दरबारात येणाऱ्याला फक्त बसण्याची मोकळीक होती. १९१९ मध्ये टिळक वारले.

‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी आरंभिले होते, पण त्यांच्या हातून सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच झाले. पुढील साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाई टिळकांनी रचले. म्हणजे वधस्तंभाची सारी कथा ओघानेच त्यांच्या वाट्यास आली. ज्यांना लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, त्या बाईंनी हे केले. ‘स्मृतिचित्रे’ आपण सर्वांनी वाचली आहेत; पण या ओव्या किती जणांनी वाचल्या? १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या, आणि त्यानंतर १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. या परंपरेचा धागा पुढेही तुटलेला नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत सिद्ध केले आणि २०२० च्या धाराशिव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते निवर्तले.

इच्छापोरच्या आजींकडे शुक्रवारची सात गीते आहेत. शब्द बहुतेक पुस्तकातले. चाली मात्र त्यांच्या आईकडून आलेल्या. जुन्या मराठी पदसंग्रहांत पदावर नुसती अमुक पदाची चाल असे छापलेले असते, आणि ते अमुक पदच आज कोणाला येत नाही. त्यांनी मला सांगितले, “मास्तर, माझा आवाज आता दोन वर्षांचा. नात देवनागरी वाचते, पण शाळेतल्या हिंदीमुळं. चाल लिहून ठेवा, म्हणजे ती कधीतरी काढील.” तीन शनिवार मी त्यांच्यासमोर कागद घेऊन बसलो. सहा चाली सरळ उतरल्या. चौथ्या वचनाची चाल, जी मूळची जात्यावरची ओवी आहे, ती उतरेना. पाच सुरांतच फिरणारी, ताल नसलेली. शेवटच्या चरणाला ती षड्जावर येत नाही, पंचमावर थांबते. मी विचारले, “आजी, परत सा वर यायचं नाही?” त्या म्हणाल्या, “त्या प्रश्नाला तिथं कुठं उत्तर मिळालं? मग गाण्यानं कसं घरी यायचं?” त्या पंचमावर सारे गप्प बसतात आणि तहानेच्या गीताचा पहिला सूर त्याच पंचमातून मुलगा उचलतो. हा मधला अवकाश किती मात्रांचा, हे कोणत्या चिन्हाने लिहावे?

स्वरलेखनाचे महत्त्व आपल्या बडोद्यास सांगावयास नको. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली आणि चाली लिहून ठेवण्याची स्वतःची पद्धती बसविली. १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही येथेच. त्या पुण्याईवरच माझ्यासारख्यांची भाकरी चालते. तेव्हा ती चाल मी लिहिली. पंचमापुढे कागद कोरा सोडला आणि खाली दोन ओळींची टीप दिली. परंतु लिहिलेली चाल म्हणजे वाळवलेले बी. ते कोणाच्या तरी गळ्यात पडले, तरच उगवते. नातीने गेल्या वर्षी पहिले गीत म्हटले. चौथे तिला अजून येत नाही.

परमुलुखात राहून मराठी टिकविणाऱ्या घरांना हे सारे ओळखीचे वाटेल. दांडिया बाजारातल्या किती घरांत आज आजीच्या भूपाळ्या, डोहाळे, मंगळागौरीची गाणी नातीला येतात? आपली भाषा आपण व्यवहारात जपतो, सभांतून जपतो; पण ज्या भाषेत माणूस देवाशी बोलतो, तीत काही वेगळाच ओलावा असतो, आणि ती प्रथम आटते. इच्छापोरच्या त्या घराने वर्षातले चाळीस दिवस रोज वीस मिनिटे तिच्यासाठी राखून ठेवली आहेत. तेवढे आपल्याला अशक्य नाही.

मुंबई, पुणे, वसई, अहिल्यानगर येथे ज्यांचे जाणे-येणे असते, त्यांनी एखाद्या उत्तम शुक्रवारी दुपारी मराठी उपासनेस अवश्य बसावे. मागच्या बाकावर जागा मिळते आणि कोणी काही विचारीत नाही. जाताना पायांत आवाज न करणारी पायताणे असावीत, आणि चौथ्या वचनानंतर काय होते, तिकडे जरा कान द्यावा.